विंग्ज जमवताना

संगमनेर नाशिक-पुणे रस्त्यावर. एका टोकाला नाशिकरोडचं गांधीनगर, जिथे लष्कराचे वैमानिक तयार होतात. दुसऱ्या टोकाला लोहगावचा हवाई तळ. मधल्या गावांत निवृत्त फौजी आहेत आणि त्यांच्या ट्रंकांत विंग्ज, म्हणजे पंखांचे बिल्ले.

काय करावे

• आधी विचारा, हा बिल्ला कशाबद्दल मिळतो? दोन पंख म्हणजे प्रशिक्षण पुरं केलेला वैमानिक. महायुद्धातला एकच पंख आणि ‘एन’ म्हणजे नेव्हिगेटर, ‘एजी’ म्हणजे एअर गनर. कॅटरपिलर क्लबची सोनेरी अळी फक्त पॅराशूटने जीव वाचलेल्याला. जर्मनांची मोजणी उड्डाणांची: लढाईतल्या २० फेऱ्यांना ब्राँझ, ६० ला रौप्य, ११० ला सुवर्ण. ही अट वहीत उतरवल्याशिवाय बिल्ला डब्यात जाऊ देऊ नका.

• मुकुट की सिंह, ते भिंगातून बघा. आपल्या हवाई दलाला ‘रॉयल’ १९४५ साली लागलं आणि २६ जानेवारी १९५० ला गेलं. मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. मला एकाने ‘दुसऱ्या महायुद्धातल्या’ म्हणून विंग्ज दाखवल्या. वर सिंह. वस्तू अस्सल होती, भाव मात्र कहाणीचा लावला होता.

• ‘आरएफसी’ अक्षरं दिसली की साहेबाचाच बिल्ला असणार असं धरू नका. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर त्याच रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये वैमानिक झाले आणि १९१८ साली फ्रान्सच्या आघाडीवर गेले.

• नाव, सर्व्हिस नंबर, स्क्वाड्रन घरच्यांकडून लिहून घ्या. लॉगबुक असेल तर फोटो काढा, मागू नका.

काय टाळावे

• ब्रासो. जरीच्या विंग्जवर तर कधीच नाही.

• रबरबँड. त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते.

• छातीवर लावून मिरवणं. सैनिक आहोत असं भासवण्यासाठी असं चिन्ह वापरणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. आणि ज्याने विंग्ज कमावल्या तो समोर उभा असेल तर?

• गणवेशावरून बिल्ला उसवणं. एका घरी निळ्या कोटावरच्या विंग्ज मला देऊ केल्या होत्या. मागची बाजू बघितली, तर पांढऱ्या दोऱ्याचे बारीक टाके. आजी म्हणाल्या, “ते मी घातलेत, लग्नानंतर.” मी दोन्ही बाजूंचे फोटो घेतले आणि कोट घडी करून त्यांच्या हातात दिला.