पेशीतील ऊर्जा आणि वार्धक्य : दोन पूरक द्रव्यांच्या एका जोडीची कथा

वार्धक्याची जी लक्षणे सर्वांच्या परिचयाची आहेत, म्हणजे जिना चढताना लागणारी धाप, थोड्याशा श्रमाने येणारा थकवा, आजारातून उठण्यास लागणारा विलंब, त्यांतील बरीचशी शरीरातील ऊर्जेशी निगडित आहेत. त्यामुळे पेशींना नवी ऊर्जा देण्याचे आश्वासन देणाऱ्या गोळ्या आज औषधांच्या दुकानांत रांगेने मांडलेल्या दिसतात. एका गोळीत एकच द्रव्य असण्याचे दिवसही आता मागे पडले असून, दोन, चार किंवा दहा द्रव्ये एकत्र करून विकण्याची प्रथा पडली आहे. एका द्रव्याने थोडा गुण येतो, तर दोहोंनी दुप्पट येईल, हा त्यामागील हिशेब होय. तो कितपत खरा आहे हे तपासण्यासाठी सर्व मिश्रणांची यादी करण्यापेक्षा, जिची मनुष्यांवर दीर्घकाळ परीक्षा झाली आहे अशी एकच जोडी नीट पाहणे अधिक फलदायी ठरेल. ही जोडी सेलेनियम आणि कोएंझाइम क्यू-१० ह्यांची आहे.

ऊर्जेचे चलन

आपण खातो ते अन्न पेशीला जसेच्या तसे वापरता येत नाही. अन्नातील ऊर्जा प्रथम ॲडेनोसिन ट्रायफॉस्फेट ह्या संयुगात साठवली जाते व तेथून ती स्नायू, मेंदू, मूत्रपिंड इत्यादींस पुरवली जाते. हे संयुग १९२९ मध्ये दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सापडले. जर्मनीत कार्ल लोमान ह्यांनी व अमेरिकेतील हार्व्हर्ड येथे सायरस फिस्के आणि येल्लाप्रगड सुब्बाराव ह्यांनी ते स्नायूंतून वेगळे केले. सुब्बाराव हे आंध्रातील भीमावरमचे. शरीरात ह्या संयुगाचा साठा कोणत्याही क्षणी फारच थोडा असतो. परंतु तो इतक्या वेगाने मोडला व पुन्हा घडवला जातो, की दिवसाकाठी घडणाऱ्या संयुगाचे वजन मनुष्याच्या स्वतःच्या वजनाच्या जवळपास भरते.

हे काम मुख्यत्वे पेशीतील तंतुकणिकांत, म्हणजेच मायटोकाँड्रियांत चालते. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन तंतुकणिकेच्या आतील पटलात बसवलेल्या प्रथिनांकडून प्रथिनांकडे सरकत जातात आणि शेवटी श्वासातून आलेल्या प्राणवायूशी संयोग पावतात. ह्या प्रवासात जी ऊर्जा सुटते, तिच्या जोरावर हायड्रोजनचे धनभारित कण पटलाच्या एका बाजूस ढकलले जातात. धरणामागे तुंबलेले पाणी चक्रातून खाली येताना जसे ते चक्र फिरवते, तसे हे कण परत येताना ऊर्जेचे संयुग घडवणारे यंत्र फिरवतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मिचेल ह्यांनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली, तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवणारे थोडेच होते. १९७८ मध्ये तिच्याचसाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

ह्या साखळीत एक जागा अशी आहे, की तेथे इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे थेट जाऊ शकत नाहीत. ते वाहून नेण्यास मेदात विरघळणारा आणि पटलात मोकळेपणे फिरू शकणारा एक छोटा रेणू लागतो. हाच कोएंझाइम क्यू-१०. नावाड्याने एका तीरावरची माणसे दुसऱ्या तीरावर पोचवून रिकामी नाव घेऊन परत यावे, त्याप्रमाणे तो अखंड येरझाऱ्या घालतो. फ्रेडरिक क्रेन ह्यांनी अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे १९५७ मध्ये बैलाच्या हृदयातील तंतुकणिकांतून तो मिळवला. तो जीवनसत्त्व नव्हे. कारण शरीर तो स्वतःच तयार करते. मात्र उतारवयात त्याचे प्रमाण घटते. ऐंशी वर्षांच्या मनुष्याच्या हृदयात ते विशीतील तरुणाच्या तुलनेने निम्म्याहून कमी आढळले आहे.

विष म्हणून परिचित असलेले मूलद्रव्य

जोडीतील दुसऱ्या घटकाचा इतिहास अधिक विचित्र आहे. सेलेनियम हे मूलद्रव्य स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस ह्यांनी १८१७ मध्ये शोधले आणि त्याला ग्रीकांच्या चंद्रदेवतेचे नाव दिले. त्यानंतर दीर्घकाळ त्याची ख्याती विष म्हणूनच होती. अमेरिकेच्या काही मैदानांत सेलेनियमने भरलेल्या जमिनीवरील चारा खाल्ल्याने गुरांचे केस झडत व खूर गळून पडत. ते अत्यल्प प्रमाणात प्राण्यांना आवश्यक आहे, हे क्लाउस श्वार्झ व कॅल्व्हिन फोल्ट्झ ह्यांनी उंदरांवरील प्रयोगांनी दाखवून दिले. आणि योगायोग असा, की ते वर्षही १९५७ हेच होते.

त्याची आवश्यकता कशासाठी, ह्याचे उत्तर १९७३ मध्ये मिळू लागले. तंतुकणिकांतील साखळीतून काही इलेक्ट्रॉन वाटेतच निसटतात व प्राणवायूशी भलत्या ठिकाणी संयोग पावून क्रियाशील, उपद्रवी रेणू निर्माण करतात. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज नावाचे एंझाइम त्यांपैकी काहींचा निरास करते. ह्या एंझाइमाच्या नेमक्या कार्यस्थानी सेलेनियमचा अणू असतो. तो न मिळाल्यास चूल पेटलेली, पण धुराडे तुंबलेले, अशी पेशीची अवस्था होते.

आता ही दोन द्रव्ये एकत्र देण्याचे कारण ध्यानात येईल. इलेक्ट्रॉन घेतलेल्या स्थितीत असतानाच कोएंझाइम क्यू-१० उपद्रवी रेणूंना आवर घालू शकतो, आणि त्याला त्या स्थितीत आणणाऱ्या एंझाइमांपैकी एकात सेलेनियम आहे. उलटपक्षी, ज्या रासायनिक मार्गाने शरीर ह्या कोएंझाइमाची लांब शेपटी घडवते, त्याच मार्गातील एक घटक सेलेनियमयुक्त प्रथिने बनवण्याच्या यंत्रणेलाही लागतो. दोघांचे संबंध शेजाऱ्यांचे नसून भाऊबंदांचे आहेत. बाजारातील बहुतेक मिश्रणांमागे इतका विचारही नसतो.

किसा येथील प्रयोग

स्वीडनच्या आग्नेय भागात किसा नावाचे एक छोटे गाव आहे. तेथील व आसपासच्या ७० ते ८८ वर्षे वयाच्या ४४३ व्यक्तींचे उर्बान अलेहागेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडले. एका गटास दररोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम व २०० मिलिग्रॅम कोएंझाइम क्यू-१० दिले गेले. दुसऱ्यास दिसण्यात तशाच, पण कोणतेही गुणकारी द्रव्य नसलेल्या गोळ्या दिल्या गेल्या. कोणास काय मिळते हे घेणाऱ्यास ठाऊक नव्हते आणि देणाऱ्यासही नव्हते. गोळ्या चार वर्षे चालू होत्या.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : पाच वर्षांहून थोड्या अधिक काळात, साध्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी १२.६ टक्के लोक हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी मरण पावले, तर दोन्ही द्रव्ये घेणाऱ्यांपैकी ५.९ टक्के. गोळ्या बंद होऊन बरीच वर्षे लोटल्यावर, म्हणजे प्रयोगाच्या आरंभापासून बारा वर्षांनी पुन्हा मोजणी केली, तेव्हाही अंतर पुसले गेले नव्हते. प्रमाणे अनुक्रमे ३८.७ व २८.१ टक्के होती.

हे आकडे वाचून कोणासही उत्साह वाटेल. तथापि प्रयोगाकडे परीक्षकाच्या नजरेने पाहिले पाहिजे. गट लहान होते; पहिल्या मोजणीतील सारा फरक पंधराएक मृत्यूंवर उभा आहे. वयोवृद्ध माणसेच ती. त्यांतील जवळजवळ निम्म्यांकडून चार वर्षांचा गोळ्यांचा क्रम पुरा झाला नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गट दोनच होते. जोडीचा गुण जोडीमुळेच आला, की एकट्या सेलेनियममुळे, की एकट्या कोएंझाइममुळे, हे दोन गटांवरून सांगता येत नाही. त्यासाठी चार गट लागतात : पहिल्यास दोन्ही द्रव्ये, दुसऱ्यास फक्त एक, तिसऱ्यास फक्त दुसरे आणि चौथ्यास काहीच नाही. शेतीशास्त्राचे विद्यार्थी ही पद्धत खतांच्या परीक्षेत नेहमी वापरतात. नत्र आणि स्फुरद एकत्र घालून पीक वाढले, एवढ्यावरून कोणी दोहोंची पावती फाडत नाही.

तेच प्रमाण, निराळा देश

चार गटांचा एक मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. तेथे सेलेनियमच्या जोडीला कोएंझाइमऐवजी ई जीवनसत्त्व होते, आणि पुरःस्थ ग्रंथीचा, म्हणजे प्रोस्टेटचा कर्करोग टळतो काय, हे पाहायचे होते. ३५,५३३ पुरुष त्यात सहभागी झाले. सेलेनियमचे प्रमाण किसाइतकेच, म्हणजे दररोज २०० मायक्रोग्रॅम होते. काही लाभ दिसेना, म्हणून २००८ मध्ये गोळ्या बंद करण्यात आल्या. २०११ पर्यंतच्या नोंदींवरून तर असे निघाले, की केवळ ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत हा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक झाला होता. पुढे २०१४ मध्ये आणखी एक गोष्ट उघडकीस आली. ज्यांच्या शरीरात आरंभीच पुरेसे सेलेनियम होते, त्यांनी वरून ते घेतल्यावर त्यांच्यात उग्र स्वरूपाच्या कर्करोगाचा धोका वाढला.

एकाच मात्रेचे एकीकडे असे व दुसरीकडे तसे फळ का मिळावे? दोन्ही प्रयोगांत शोध घेतलेला आजार एक नव्हता आणि सोबतचे द्रव्यही एक नव्हते, हे खरे. परंतु आणखी एक फरक जमिनीत आहे. स्वीडनच्या मातीत सेलेनियम थोडे आहे. किसा येथील वृद्धांच्या रक्तात ते लिटरमागे सरासरी ६७ मायक्रोग्रॅम भरले. अमेरिकेतील प्रयोगात ते त्याच्या दुप्पट होते. किसाच्याच आकड्यांची पुढे फेरतपासणी केली, तेव्हा ज्यांच्या रक्तात ते आरंभी ८५ मायक्रोग्रॅमहून अधिक होते, त्यांना गोळ्यांचा लाभ दिसला नाही. तेव्हा किसा येथे जे घडले ते रिकाम्या रांजणात पाणी ओतण्यासारखे असावे, असेच ह्या आकड्यांवरून वाटते. भरलेल्या रांजणात ओतलेले पाणी जमिनीवर सांडते. सेलेनियमच्या बाबतीत ते सांडून निरुपद्रवीही राहत नाही.

मातीचा हा प्रभाव इतरत्रही स्पष्ट दिसतो. चीनमधील केशान परगण्याचे नाव मिळालेला हृत्स्नायूंचा प्राणघातक रोग सेलेनियम अतिशय कमी असलेल्या पट्ट्यातच आढळे, आणि मुलांना सेलेनियमचा क्षार दिल्यावर त्याचे प्रमाण झपाट्याने उतरले. त्याच देशातील एन्शी भागात मात्र १९६० नंतरच्या काही वर्षांत अतिरेकी सेलेनियममुळे लोकांचे केस व नखे गळाली. फिनलंडने १९८० नंतरच्या दशकात आपल्या रासायनिक खतांतच सेलेनियम मिसळण्यास प्रारंभ केला व सर्व राष्ट्राच्या आहारातील उणीव गोळ्यांवाचून भरून काढली. भारतात पंजाबमधील नवांशहर व होशियारपूर ह्या जिल्ह्यांच्या काही गावांत जमीन सेलेनियमने इतकी संपन्न आहे, की तेथील गव्हातूनच ते नको तितके पोटात जाते. अशा गावातील वृद्धाने जाहिरात वाचून तीच स्वीडिश जोडी घेतली, तर ती त्यास लाभण्याऐवजी बाधण्याचाच संभव अधिक.

आवश्यक व घातक ह्यांमधील पट्टाही येथे अरुंद आहे. अमेरिकेच्या तज्ज्ञांनी प्रौढांसाठी दररोज ५५ मायक्रोग्रॅम पुरेसे ठरवले असून, ४०० ही वरची मर्यादा घातली आहे. २००८ मध्ये त्या देशात एका द्रवरूप पूरकाच्या निर्मितीत चूक झाली. बाटलीवर एका मात्रेत २०० मायक्रोग्रॅम लिहिले होते, प्रत्यक्षात ४०,८०० होते. दहा राज्यांत मिळून २०१ जणांना विषबाधा झाली. त्यांना अतिसार, केस गळणे, सांधेदुखी ह्यांचा त्रास महिनोन्‌महिने पुरला.

अन्य मिश्रणे

कोएंझाइम क्यू-१० एकट्याने देऊन पाहिल्याची चांगली साक्ष हृदय दुर्बल झालेल्या रुग्णांकडून मिळते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील ४२० रुग्णांच्या प्रयोगात दररोज ३०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी १५ टक्क्यांवर दोन वर्षांत हृदयाचे गंभीर संकट ओढवले, न घेणाऱ्यांपैकी २६ टक्क्यांवर. हे सर्वजण वैद्यांच्या देखरेखीखालील रुग्ण होते व त्यांची नेहमीची औषधे चालूच होती. धडधाकट मनुष्यास हा निष्कर्ष लावता येत नाही.

ह्याच्या उलट टोकाला बीटा-कॅरोटीन व अ जीवनसत्त्व ह्यांचे मिश्रण आहे. धूम्रपान करणारे, ते सोडलेले आणि ॲस्बेस्टॉसच्या कामावरील मजूर अशा १८,३१४ जणांवर अमेरिकेत ह्या मिश्रणाची परीक्षा चालू होती. फुप्फुसांचा कर्करोग कमी व्हावा, ही अपेक्षा. तो २८ टक्क्यांनी वाढला, एकंदर मृत्यू १७ टक्क्यांनी वाढले, आणि १९९६ मध्ये प्रयोग ठरल्या मुदतीपूर्वी २१ महिने थांबवावा लागला. गाजरातील पिवळे द्रव्य गाजरातून खाणे आणि गोळीतून खाणे ह्यांत किती अंतर पडू शकते, ह्याचे ह्याहून कठोर उदाहरण सापडणे अवघड.

अलीकडे निकोटिनामाइड रायबोसाइड व त्याच्या जातीच्या द्रव्यांचा बराच गाजावाजा आहे. तंतुकणिकांकडे इलेक्ट्रॉन आणून देणारे एक सहद्रव्य वयाबरोबर घटते व ह्या गोळ्यांनी ते रक्तात वाढते, एवढे माणसांत सिद्ध झाले आहे. आयुष्य वाढते काय, हा प्रश्न वेगळा. अमेरिकेत तीन प्रयोगशाळांनी मिळून उंदरांवर रायबोसाइडची जी परीक्षा घेतली, तिच्यात त्यांचे आयुष्य वाढले नाही.

दुकानातून गोळी घेणाऱ्यास आणखी एक व्यावहारिक गोष्ट ठाऊक हवी. कोएंझाइम क्यू-१० ची रचना के जीवनसत्त्वाशी मिळतीजुळती असल्याने, रक्त गोठू नये म्हणून वॉर्फरीन घेणाऱ्यांत त्या औषधाचा परिणाम कमी होऊ शकतो. अशा रुग्णाने आपण काय घेतो ते डॉक्टरांना आधी सांगावे. कारण पूरक द्रव्यास औषध न समजता पुष्कळजण त्याचा उल्लेखच करीत नाहीत. रक्तातील सेलेनियमही प्रयोगशाळेत मोजता येते, आणि किसा येथील फेरतपासणी पाहता गोळीआधी हा आकडा विचारणे हेच सयुक्तिक होय.