आमची ज्वारी आणि पाऊस

आमचे वळसंग गाव सोलापूरहून अक्कलकोटला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. आमच्याकडे रोज ज्वारीची भाकरी असते. गावाला जाताना आजी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून देते. कडक भाकरी पुष्कळ दिवस टिकते. "पण ज्वारीच नाही आली तर काय टिकणार गं?" असे आजी म्हणते.

सह्याद्री ढग अडवतो म्हणून आमच्या भागात पाऊस कमी पडतो. तरी ज्वारी येते, कारण जमीन काळी आहे. ती सप्टेंबरचा पाऊस पोटात धरून ठेवते. वाफसा आला की हस्त नक्षत्राच्या सुमारास बाबा पेरणी करतात. मग पाऊस नसला तरी मुळे खालची ओल ओढतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी होते. आम्ही मालदांडी पेरतो. मालदांडी 35-1 हे वाण आपल्याच जिल्ह्यात मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडले गेले.

आजी माझ्याएवढी होती तेव्हा 1972 चा दुष्काळ पडला. ती आईबरोबर तलावाच्या कामावर जायची. आई माती वाहायची. तिथे सुकडी मिळायची. रेशनला मिलो नावाची परदेशी लाल ज्वारी मिळे. तिची भाकरी आजीला मुळीच आवडायची नाही, पण खायची. नंतर महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा 1977 साली झाला.

मी गुरुजींना विचारले, "दुष्काळ पहिल्यापासून पडतात, मग नवे काय?" गुरुजी म्हणाले, कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळल्याने हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतो. तो पृथ्वीवर वाकळेसारखा बसतो. उष्णता बाहेर जात नाही. गरम हवेत वाफही जास्त मावते, म्हणून पाऊस पडला की एकदम कोसळतो आणि मधे कितीतरी दिवस उघाड पडते.

तसेच 14 ऑक्टोबर 2020 ला झाले. आपल्या जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. मी तेव्हा पहिलीतसुद्धा नव्हते. बाबांनी नुकतीच पेरणी केली होती. बी वाहून गेले, राहिले ते कुजले. वाफसा यायला उशीर झाला आणि दुसरी पेरणी नोव्हेंबरात केली. कणसात दाणे भरायच्या वेळी ओल संपली. दरवर्षी आठ पोती होत, त्या साली तीनच झाली. कडबाही कमी पडला. म्हणून आमचा सर्जा बैल विकला. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. पुढे आम्ही दुकानातून ज्वारी आणली. पैसे संपतील म्हणून आई एक वेळ रेशनच्या तांदळाचा भात करायची.

ऊनही वाढले आहे. 2022 च्या मार्चमध्ये उत्तर भारतात फार ऊन पडले, गव्हाचे दाणे बारीक राहिले. मे महिन्यात सरकारने गहू परदेशी पाठवणे बंद केले. म्हणजे एका देशात ऊन पडले की दुसऱ्या देशातली भाकरी महागते. ज्वारी मूळची आफ्रिकेतली. तिकडे सोमालियातही लोक ज्वारी खातात. 2020 ते 2022 मध्ये तिथे लागोपाठ पाच हंगाम पाऊस आला नाही. त्यांची जनावरे मेली. तिथल्या मुलांचा मिलोसुद्धा चुकला असेल, असे मला वाटते.

आमच्या वर्गाने तीन पत्र्याच्या डब्यांत काळी माती घालून ज्वारी पेरली. पहिल्यात एकदाच भरपूर पाणी घालून पुन्हा घातले नाही. दुसऱ्यात नुसते शिंपडले. तिसऱ्या डब्याला भोक नाही, त्यात पाणी साचवले. पहिल्यातली रोपे वीतभर झाली. दुसऱ्यातली उशिरा उगवली आणि बारीक आहेत. तिसऱ्यातली आठ दिवसांत पिवळी पडली.

हे ऐकून आजीने यंदा बियाणाचे दोन भाग केले. एक पेरायला दिला. दुसरा राख लावून मडक्यात ठेवला आहे, पेरणी वाहून गेली तर लागेल म्हणून. बाबा बांधाला पाणी जायला सांडवा करत आहेत.

तिन्ही डबे या भित्तिपत्रकाखाली ठेवले आहेत. पालकांनी जरूर बघावेत. दुसऱ्या डब्याची दया येऊन कोणी पाणी घालू नये.