आधी डॉक्टरांना फोन कर

नगर,
रविवार

चि. अमोल,



फोनवर बोलले असते तर "हो आत्या, बरं आत्या" करून तू ठेवून दिला असतास, म्हणून कागदावर लिहिते. तुझे पप्पा पुण्याहून काल परत आले आणि आल्या आल्या आमच्याकडे बसले. चहा गार झाला तरी घोट घेतला नाही त्यांनी. शेवटी म्हणाले, "ताई, त्यानं गोळ्या बंद केल्यात." शुक्रवारच्या रात्रीच्या प्रार्थनासभेत कुणा बंधूंनी तुझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं म्हणे, की तुझी उदासी हे सैतानाचं बंधन आहे आणि गोळी घेणं म्हणजे प्रभूवर भरवसा नसणं. मग घरी येऊन तू पाकिटं फाडून सगळ्या गोळ्या बेसिनमध्ये टाकल्यास. हे खरं आहे का? रेश्मावर चिडू नकोस. तिनं एक शब्द काढलेला नाही, पप्पांनी स्वतःच्या डोळ्यांनी रिकामा डबा पाहिला.

माझी सगळी नोकरी वॉर्डात गेली, तेव्हा आधी सिस्टर म्हणून सांगते, आत्या म्हणून नंतर. ही औषधं एकदम बंद करायची नसतात. चक्कर येते, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होतं, झोप उडते, माणूस विनाकारण चिडतो. तू त्याला आत्मिक लढाई समजत असशील आणि आणखी एक उपास धरत असशील. पुढे काही आठवड्यांनी मूळ आजार परत डोकं वर काढतो, कधी पहिल्यापेक्षा जोरात. पण माझं पत्र वाचून घाबरून उद्या पुन्हा आपल्या मनानं पूर्ण डोस सुरू करू नकोस. आधी डॉक्टरांना फोन कर. किती दिवस बंद आहेत ते खरं सांग. ते रागावणार नाहीत, असे पेशंट त्यांच्याकडे रोज येतात.

तुझ्या आजीला तू पाहिलं आहेस. रविवारी सकाळी आठच्या आत इन्सुलिन टोचून, भाकरीचा तुकडा खाऊन, पांढरं लुगडं नेसून ती उपासनेला निघायची. महिला मंडळात तिच्यासारखी प्रार्थना कुणी केली नाही, हे आजही म्हाताऱ्या बाया सांगतात. तिच्या विश्वासात खोट आहे असं मंडळीत कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. साखरेच्या आजाराला सुई चालते आणि मनाच्या आजाराला गोळी चालत नाही, हा नियम कुठल्या शास्त्रात आहे, ते त्या बंधूंना विचार.

आणि शास्त्रच काढायचं तर काढू. हिज्कीया राजा मरणाला टेकला होता, भिंतीकडे तोंड करून रडला. देवानं त्याची प्रार्थना ऐकली आणि पंधरा वर्षं वाढवून दिली. पण बरं केलं कसं? यशया संदेष्ट्यानं अंजिरांचा लेप आणायला सांगितला आणि तो गळवावर बांधला. प्रार्थनाही खरी आणि लेपही खरा. लूक तर वैद्यच होता, पौलानं त्याचा उल्लेख तसाच केला आहे, आणि येशूच्या मागे लागल्यावर त्यानं वैद्यकी सोडली असं कुठं लिहिलेलं नाही.

एलीयाचं तर तुला पाठ आहे. शब्बाथशाळेच्या स्पर्धेत तू तोच उतारा म्हटला होतास. एवढा मोठा संदेष्टा, कर्मेल डोंगरावर जिंकून आलेला, आणि लगेच रानात जाऊन एका झुडपाखाली पडला आणि मरण मागू लागला. देवानं त्याला काय केलं? विश्वास कमी पडला म्हणून दटावलं नाही. झोपू दिलं. दूत आला, त्याला हात लावून उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवलं. तो खाऊन पुन्हा झोपला. दूत दुसऱ्यांदा आला, पुन्हा खाऊ घातलं. बोलणं नंतर झालं, डोंगरावर, तो चालण्याजोगा झाल्यावर. मनानं खचलेल्या माणसाशी कसं वागायचं हे मला नर्सिंगच्या पुस्तकात एवढं नीट मिळालं नाही. म्हणून सांगते अमोल, नीट झोपतोस का? दोन वेळा जेवतोस का? पप्पा म्हणाले, चेहरा अगदी उतरला आहे. त्या अवस्थेत उपास कसले धरतोस?

थोरल्या काकांबद्दल आपल्या घरात फारसं बोलत नाहीत. तुम्हा मुलांना एवढंच माहीत, की दाऊदकाका आतल्या खोलीत असायचे आणि त्यांच्याशी मोठ्यानं बोलायचं नसतं. मी सांगते ते कोण होते. दाऊद पेटी वाजवायला बसला की पाळकसाहेब उपदेश आटोपता घ्यायचे, कारण लोकांना त्याची गाणी ऐकायची असायची. मॅट्रिकला मिशन शाळेत पहिला आला होता. बाविसाव्या वर्षी त्याला हेच झालं. पहाटे तीनला उठून बसायचा, अंघोळ नको, माणसं नकोत, माझ्यामुळे सगळ्यांचं वाटोळं झालं म्हणायचा. घरच्यांनी त्याला या सभेतून त्या सभेत नेलं. कुणी तेल लावलं, कुणी पाप कबूल कर म्हणून रात्रभर बसवून ठेवलं. त्याच्यापाशी कबूल करायला पाप नव्हतं, तरी तो शोधून शोधून सांगायचा. मी तेव्हा ट्रेनिंगला होते. मानसोपचाराच्या तासाला जे शिकवत होते ते ऐकताना मला दाऊद दिसायचा. सुट्टीत घरी आल्यावर एकदा मी आईजवळ विषय काढला, ती म्हणाली, मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस. मी पुन्हा काढला नाही. अजून ते मनाला लागून आहे. माझ्या भावाची निम्मी हयात त्या खोलीत गेली, आणि पेटी माळ्यावर पडून तिचे भाते उंदरांनी खाल्ले. आपल्या घरात पुन्हा तेच व्हायला लागलं आहे, आणि या खेपेला मी गप्प बसणार नाही. फोन केलास का डॉक्टरांना?

तुला वाटेल आत्याला प्रार्थनेचं महत्त्व उरलं नाही. उलट आहे. ऑपरेशनला नेण्याआधी पेशंटजवळ प्रार्थना व्हायची तेव्हा त्याची नाडी शांत होताना माझ्या बोटांना कळायची. जात-धर्म कुठलाही असो, माणसं हात जोडायची. पण प्रार्थना झाली की डॉक्टर कोपरापर्यंत हात धुवायचे आणि चाकू हातात घ्यायचे. आपल्याकडे ख्रिस्ती विश्वास असाही आला. मिशनरी डॉक्टर वानलेससाहेबांनी १८९४ मध्ये मिरजेला हॉस्पिटल काढलं, आणि आज मिरज दवाखान्यांचं गाव म्हणून कर्नाटकापर्यंत ओळखलं जातं. वेल्लोरच्या आयडा स्कडर मिशनऱ्याच्या घरातल्या, पण मिशनरी व्हायचं नाही असं ठरवलेली ती मुलगी. एका रात्री तीन घरची माणसं बाळंतीण अडली म्हणून दाराशी आली, पुरुष डॉक्टर नको, बाईच हवी म्हणून परत गेली, आणि सकाळपर्यंत तिन्ही बायका गेल्या. ती अमेरिकेला जाऊन डॉक्टर होऊन परत आली आणि १९१८ मध्ये बायकांसाठी वैद्यकीय शाळा काढली. त्या शाळेचं पुढे कॉलेज झालं, आणि त्याच कॉलेजचं बागायमला मानसिक आजारांचं केंद्र आहे. तिथं पेशंटबरोबर घरचं माणूस राहतं, कारण उपचारात घरही लागतं हे त्यांनी ओळखलं. सकाळची प्रार्थना आणि गोळी दोन्ही तिथं एका छपराखाली चालतात. तुझ्या त्या बंधूंच्या हिशेबानं ही सगळी अविश्वासूंची कामं म्हणायची का?

आणि आपले जामखेडचे आरोळे डॉक्टर. दोघं नवराबायको वेल्लोरला शिकले, मनात आणलं असतं तर कुठंही बसून पैसा मिळवला असता. १९७० मध्ये ते आपल्या जिल्ह्यातल्या कोरड्या तालुक्यात येऊन बसले. मुलं हगवणीनं मरत होती, त्यामुळे आधी पाणी आलं. हातपंप दलित वस्तीत बसवले आणि पाण्यासाठी साऱ्या गावाला तिकडे यावं लागलं. उपदेश न करता शिवाशिवीवर घाव घातला. गावोगावच्या अक्षरओळख नसलेल्या बायांना त्यांनी आरोग्यसेविका केलं. त्या बायकांनी बाळंतपणं केली, कुष्ठरोग्यांना औषधं दिली, कलेक्टरसमोर उभ्या राहून बोलल्या. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ट्रेनिंग संपल्यावर मला तिकडे जायचं होतं. अर्जही लिहिला होता. घरच्यांनी "त्या दुष्काळात कुठं जातेस, लग्नाचं वय झालं" म्हटलं आणि अर्ज पेटीतच राहिला. संसार चांगला झाला माझा, तक्रार नाही. तरी जामखेडची एस.टी. लागलेली दिसली की अजून बोर्डाकडे बघत राहते.

हे तुला का सांगते? कारण पप्पांनी आणखी एक गोष्ट सांगितली. तू वस्तीतल्या मुलांची अभ्यासिका बंद केलीस. सोसायटीच्या पाण्याच्या प्रश्नासाठी महापालिकेत खेटे घालत होतास, तेही सोडलंस. जग नाशवंत आहे, त्यात अडकू नये, असं तिथं शिकवतात म्हणे. पंडिता रमाबाई असं म्हणून पुण्यात बसून राहिल्या असत्या तर १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी आणलेल्या शेकडो मुली रस्त्यावर मेल्या असत्या. केडगावला त्यांना अन्न मिळालं, विणकाम आणि छापखान्याचं काम मिळालं, आंधळ्या मुलींना त्यांच्या लेकीनं, मनोरमाबाईंनी, ब्रेल शिकवलं. फादर दिब्रिटोंचा पंथ वेगळा, पण वसईची हिरवाई वाचवायच्या हरित वसई लढ्यात धमक्या आल्या तरी ते मागे हटले नाहीत, आणि त्यांच्या पाठीशी वसईतले हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळे उभे राहिले. कबरस्थानात राहणाऱ्या त्या पछाडलेल्या माणसाला येशूनं बरं केलं, तेव्हा तो म्हणाला मला तुझ्याबरोबर येऊ दे. येशूनं नाही म्हटलं आणि त्याला त्याच्या घरी, त्याच्या गावात पाठवलं. जो विश्वास तुला तुझ्या माणसांपासून तोडून एका बंद हॉलमध्ये बसवतो, आणि वर तुझं औषधही काढून घेतो, तो मला ओळखीचा वाटत नाही.

पण थांब. अभ्यासिका लगेच सुरू कर असं मी म्हणत नाही. वाचून तुला आणखी अपराधी वाटायला नको. आजारी माणसानं आधी बरं व्हावं. मुलांना महिनाभर दुसरं कुणी शिकवेल, पाण्याच्या अर्जावर दुसरं कुणी सही करेल. एलीया म्हणत होता, मी एकटाच उरलो. देवानं त्याला सांगितलं, एकटा नाहीस, अजून सात हजार आहेत, आणि सोबतीला अलीशा दिला. तुझ्यामागेही माणसं आहेत रे.

फार बोलले का? लहानपणी तू माझ्याकडे सुट्टीला यायचास, नाताळच्या गाण्यांना मोठ्या मुलांबरोबर सिद्धार्थनगरपर्यंत चालत जायचास आणि परत येताना माझ्या खांद्यावर झोपायचास. तुझ्या तोंडाला शंकरपाळ्यांचा वास यायचा. त्या पोरावर मी रागावू शकत नाही, भीती वाटते म्हणून आवाज चढतो. तू कमजोर नाहीस, तुझं काही चुकलेलं नाही, देव तुझ्यावर रुसलेला नाही. हे तुला आज खरं वाटणार नाही, कारण त्या आजाराचा स्वभावच तसा. मग माझ्यासाठी म्हणून औषध घे, तुझ्यासाठी नंतर घे.

मी गुरुवारी सकाळच्या गाडीनं निघते. स्वारगेटला यायची गरज नाही, मी रिक्षा करीन. रेश्माला स्वयंपाकाचं काही सांगू नकोस, हुलग्याचं पिठलं आणि भाकरी मीच करीन. डॉक्टरांकडे तुझ्याबरोबर येईन आणि बाहेर बाकावर बसेन. आत ये म्हणालास तरच आत येईन. त्या बंधूंकडे पुन्हा जायचं असेल तर मला घेऊन जा, मी त्यांच्याशी आदरानं बोलेन. गुरुवारच्या आत कुठल्याही रात्री मन फार काळं झालं, जगावंसं वाटेना, तर रेश्माला उठव आणि सरकारचा १४४१६ हा नंबर लाव. टेलिमानस म्हणतात, रात्रीही उचलतात, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

नाहीतर मला लाव. फोन उशाशीच असतो. बोलायला शब्द सापडले नाहीत तर मिस्ड कॉल दे, मी करते.

तुझी,
मालती आत्या