आधी खटका, मग पातं

अनंत चतुर्दशी उलटली की पुण्याच्या पेठांमध्ये मांडव उतरवण्याची घाई सुरू होते. रस्ता मोकळा करायचा असतो, खड्डे बुजवायचे असतात, भाड्याचे वासे आणि ताडपत्र्या परत पोचवायच्या असतात. काथ्याच्या गाठी पावसात भिजून आणि उन्हात वाळून इतक्या आवळलेल्या असतात की त्या हाताने सोडवायच्या भानगडीत कोणी पडत नाही. कापायच्या आणि पुढे सरकायचं. आमच्या मंडळात हे काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. पोरांच्या हातांत मी नाना तऱ्हेचे चाकू पाहिले. त्या हातांपैकी एका हाताचं जे झालं, त्यामुळे हे लिहितो आहे.

आमच्यातल्या एका तरुणाने नवा घडीचा चाकू मागवला होता. काळाकुळकुळीत, हातभर नव्हे तरी तळहातात न मावणारा, चांगल्या जाड पात्याचा. जाहिरातीत त्याला लष्करी म्हटलं होतं. धार उत्तम होती. पहिले दोन दिवस त्याने गाठी सपासप कापल्या. तिसऱ्या संध्याकाळी वाशांच्या जोडावरच्या दुहेरी गाठीत पातं अडकलं. शिडीवर उभं राहून त्याने ते बाहेर काढायला मनगट पिरगळलं आणि उलट दिशेने हिसका दिला. खटका सरकला, पातं मिटलं आणि मुठीवर आवळलेली दोन बोटं मध्ये सापडली.

रक्त फार आलं नाही, म्हणून सगळ्यांना वाटलं, थोडक्यात निभावलं. कोणी तरी हळद आणायला पळालं. मी त्याला बोट वाकवायला सांगितलं, तर तर्जनीचं पेर हलेना. आम्ही तसेच रुग्णालय गाठलं. बोट वाकवणारी कंडरा तुटली होती. शस्त्रक्रिया झाली, हात सहा आठवडे पट्टीत राहिला, मग व्यायाम. आज तो काम करतो, पण त्या हाताची मूठ पूर्ण मिटत नाही.

त्याचा चाकू मी नंतर घरी नेऊन खोलून पाहिला. पात्याला ओरखडासुद्धा नव्हता. दोष सगळा सांध्यात होता. घडीचा चाकू घेणारा माणूस पात्याची जाडी, लांबी आणि पोलाद बघतो, आणि तिथेच चुकतो. पातं हा पोलादाचा एकसंध तुकडा असतो, तो सहसा दगा देत नाही. जिथे पातं मुठीला भेटतं, तिथे एक खीळ आणि एक खटका, एवढ्यावर सगळा भार असतो.

हा भार कसा येतो ते नीट समजून घ्या. आपण दोर कापतो तेव्हा धारेवर दाब येतो, आणि तो पात्याला आणखी उघडण्याच्या दिशेने ढकलतो. तिथे पात्याला अडवायला मुठीत पक्का टेका असतो. म्हणजे नेहमीच्या कापण्यात खटक्याला जवळपास कामच नसतं. कितीही हलका खटका असला तरी महिनोन् महिने काही बिघडत नाही आणि आपला विश्वास वाढत जातो. पातं अडकलं, ते मागे ओढलं, टोकाने खुपसलं किंवा पात्याची पाठ कशावर तरी आपटली, की भार उलटतो. त्या वेळी बोटं आणि धार यांच्यामध्ये खटक्याशिवाय काहीही नसतं.

त्या चाकूचा खटका पत्र्याच्या पट्टीचा होता. मुठीच्या आतली एक पातळ पट्टी आडवी सरकून पात्याच्या बुडाखाली टेकते. ही रचना मुळात वाईट नाही. अमेरिकेतल्या मायकेल वॉकर यांनी १९८०च्या सुमारास ती आजच्या रूपात आणली आणि चांगल्या कारागिराने बनवली तर ती उत्तम चालते. पण इथे पट्टी नखासारखी पातळ होती, पात्याच्या बुडाला जेमतेम कडेने टेकत होती, आणि तिच्या खाचेत काथ्याचा भुसा घट्ट बसला होता. पट्टी पूर्ण आत शिरायलाच जागा उरली नव्हती. मांडवाच्या कामात भुसा, माती, प्लास्टर ऑफ पॅरिसची भुकटी हे सगळं असणारच. म्हणून अशा कामाला पट्टीचा खटका मी कोणाला सुचवत नाही. घ्यायचाच असेल तर मुठीची एक अख्खी बाजूच खटका म्हणून वापरणारी जाड रचना घ्यावी. ख्रिस रीव्ह यांच्या चाकूंमुळे ती प्रसिद्ध झाली.

मला स्वतःला पाठीवरचा खटका जास्त भरवशाचा वाटतो. मुठीच्या पाठीत एक तरफ असते, तिचा दात पात्याच्या बुडातल्या खाचेत बसतो, आणि मिटताना ती मागून दाबावी लागते. १९६४च्या सुमारास बाजारात आलेल्या बक ११० या चाकूने हा प्रकार जगभर नेला. पुढे अँड्र्यू डेम्को यांनी कोल्ड स्टील कंपनीसाठी याच रचनेत पातं आणि तरफ यांच्यामध्ये एक आडवी खीळ बसवली. उलटा भार आला की तो त्या खिळीवर उतरतो, आणि खटका झिजला तरी पकड टिकते. जड कामाचा मोठा घडीचा चाकू हवा असेल तर शोधायचा तो हा गुण. पात्याच्या बुडामागे आडवी सळई सरकणारी रचनाही दणकट असते आणि ती डावखुऱ्यांनाही सोयीची पडते.

फ्रान्सच्या ओपिनेल चाकूचा खटका सर्वांत साधा: सांध्याभोवती फिरणारं एक पोलादी कडं. हे कडं १९५५मध्ये आलं. खटका स्वच्छ आहे, डोळ्यांना दिसतो, आणि किंमत आवाक्यात. मात्र त्याची मूठ लाकडी असते. आपल्या पावसात ती फुगते आणि पातं उघडता उघडेना. शिवाय पातं पातळ आहे. सुतळी, कापड, ताडपत्री यांसाठी तो छान, वाशांच्या जोडासाठी नाही.

दुकानात किंवा घरी पार्सल आल्यावर चाकू असा तपासा. पातं पूर्ण उघडा, मूठ फक्त दोन्ही बाजूंनी धरा, बोटं पात्याच्या वाटेत अजिबात येऊ देऊ नका. पात्याची पाठ लाकडी टेबलाच्या कडेवर टेकवून हळूहळू वजन द्या. खटका किंचितही सरकला तर चाकू परत करा. पाठ जोरात आपटून बघायची पद्धत काही जण सांगतात, ती मला पसंत नाही. त्याने चांगला खटकाही खराब होतो. मग पातं वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवून पाहा. डावी-उजवीकडे थोडं हललं तर सांध्याचा स्क्रू आवळून भागतं. वर-खाली हललं, तर खटका नीट बसत नाही असं समजा.

मूठ चार बोटांत भरून बसली पाहिजे. नऊ-दहा सेंटिमीटर पातं आणि पाठीशी तीन-साडेतीन मिलिमीटर जाडी पुष्कळ झाली. याहून जाड पातं बघायला भारदस्त दिसतं, पण दोरात शिरत नाही. मग माणूस जोर लावतो, आणि जोर लावला की हात घसरतो. नायलॉनच्या दोराला दातेरी धार लागते. पात्याचा बुडाकडचा भाग दातेरी आणि पुढचा सरळ, अशी जोडी मांडवाच्या कामाला चांगली.

पोलादाचं नाव पात्यावर कोरलेलं हवं. नुसतं ‘स्टेनलेस’ लिहिलेलं असलं तर त्यातून काही कळत नाही. नुसत्या ४४०वरूनही फारसं कळत नाही, कारण ४४०ए आणि ४४०सी यांच्यातल्या कार्बनमध्ये बराच फरक असतो. डी-२ धार छान टिकवतं, पण ते पूर्ण गंजरोधक नाही. भाद्रपदात ओला चाकू पिशवीत राहिला तर ठिपके पडतात. आपल्याकडच्या हवेत मी १४सी२८एन किंवा ४२०एचसी यांसारखं पोलाद निवडेन. धार लवकर जाते, पण लवकर लागतेही. आणि नामवंत कंपनीचा चाकू भलत्याच स्वस्तात मिळत असेल तर तो नक्कल समजावा. नकलेत पातं बरं असू शकतं, खटक्याला दिलेलं पाणी मात्र कोणी तपासलेलं नसतं.

धार लावायला गल्लीत येणाऱ्या चाकवाल्याकडे हा चाकू देऊ नका. त्याचा हात चांगला असतो, विळी आणि कात्रीसाठी मीही त्यालाच थांबवतो. पण कोरड्या चाकावर पातळ धार तापते आणि तिचं पाणी उतरतं. पुण्यातल्या बोहरी आळीत धारेचा दुहेरी दगड मिळतो, तो घ्या आणि घरी पाण्यावर घासा. खटक्याची खाच साबणाच्या पाण्याने दातांच्या जुन्या ब्रशने साफ करायची, पुसून वाळवायची, सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. कामाचे दिवस असतील तर हे रोज करायचं. खाच भरलेली असेल तर महागडा खटकाही कुचकामी.

यानंतरची गोष्ट अनेकांना पटत नाही, तरी सांगतो. घडीचा चाकू कितीही दणकट असला तरी तो कोयता नाही आणि पहारही नाही. बांबू तासणं, खिळा उचकटणं, पातं मोगरीने ठोकून लाकूड फोडणं, ही त्याची कामं नव्हेत. आता आमच्याकडे वाशांच्या जोडाच्या गाठींसाठी आखूड, न मिटणारी सुरी म्यानात असते. घडीचा चाकू सुट्या दोऱ्यांसाठी आणि ताडपत्रीसाठी. पातं अडकलं तर ओढायचं नाही. मूठ सोडायची, दुसऱ्या सुरीने गाठ बाहेरून कापायची, मग पातं मोकळं करायचं. शिडीवर चाकूला मनगटाची दोरी हवी, कारण खाली माणसं असतात.

कोणाला कापलंच, तर जखमेवर हळद, कॉफी, चुना काहीही टाकू नका, डॉक्टरांना ते आधी धुऊन काढावं लागतं. स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हात हृदयाच्या वर ठेवा, अंगठी लगेच काढा. मग त्याला प्रत्येक पेर वेगळं वाकवायला सांगा आणि बोटाच्या टोकाला स्पर्श कळतो का विचारा. पेर वाकत नसेल किंवा टोक बधिर असेल, तर रक्त कितीही कमी असो, हाताच्या शस्त्रक्रियेचे डॉक्टर असतील तिथेच जा. धनुर्वाताचं इंजेक्शन विसरू नका.

कायद्याचंही भान हवं. शस्त्र नियम, २०१६ मध्ये नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांचा वेगळा उल्लेख आहे. घरगुती, शेतीच्या आणि औद्योगिक कामाची हत्यारं त्यातून वगळली आहेत. पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१च्या कलम ३७(१)खाली पोलीस आयुक्त शहरात शस्त्रं बाळगून फिरण्यावर मनाई काढू शकतात आणि त्या यादीत चाकू आहे. कोयते घेऊन दहशत माजवणाऱ्या कोयता गँगच्या घटनांनंतर पुण्यात या बाबतीत नजर कडक आहे, आणि ती तशी असणं मला योग्य वाटतं. म्हणून चाकू कमरेला लावून मिरवणुकीत जाऊ नका. कळ दाबताच उघडणारा चाकू कामासाठी घेऊच नका, त्याने काम सोपं होत नाही. कामाच्या जागी हत्यारांच्या पिशवीत, मिटलेला, सुतळी आणि पकडीच्या शेजारी असू द्या. विमानात हातातल्या सामानात तो चालत नाही, मोठ्या बॅगेत टाकून सामानात द्यावा लागतो.

आमच्या मंडळात आता चाकू मोजून दिले जातात आणि मोजून परत घेतले जातात. देताना ज्याच्या हातात जाणार, त्यानेच खटका तपासायचा.