मधल्या वेळचे खाणे

दुपारचे जेवण एक वाजता आणि रात्रीचे साडेनऊला, अशी दिनचर्या असलेल्या घरांत दोन जेवणांमध्ये आठ तासांहून अधिक अंतर पडते. या अवधीत भूक लागणे हा दोष नव्हे. ती शरीराची रास्त मागणी होय. प्रश्न असतो तो त्या वेळी हाताशी काय आहे याचा. बहुतेक घरांत चहासोबत बिस्किटे, खारी किंवा टोस्ट असतात. रुग्णास भेटावयास येणारे आप्तही बिस्किटांचा पुडाच आणतात, कारण बिस्किट पोटाला ‘हलके’ असते असा समज आहे.

हा समज एकदा तपासून पाहावा. साध्या ग्लुकोज बिस्किटांच्या पाच नगांतून (सुमारे २५ ग्रॅम) साधारणतः ११० उष्मांक मिळतात. मूठभर, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम, भाजलेल्या चण्यांतूनही जवळपास तितकेच मिळतात. परंतु बिस्किटांत प्रथिने दोन ग्रॅमही नसतात, तर चण्यांत ती सहा ग्रॅमांहून अधिक असतात. शिवाय चोथाही भरपूर. मैदा आणि साखर लवकर पचून रक्तातील साखर झपाट्याने वाढते आणि थोड्याच वेळात पुन्हा काही खावेसे वाटते. प्रथिने व चोथा असलेले अन्न जठरात अधिक काळ राहते. चणे चावून खावे लागतात, त्यामुळे खाण्याचा वेगही आपोआप मंदावतो. खारीत मैद्याच्या जोडीला स्निग्ध पदार्थ पुष्कळ असतात, म्हणून ती तर मुळीच हलकी नव्हे.

आपल्या स्वयंपाकघरात याला पर्याय शोधावे लागत नाहीत. मोड आलेल्या मुगांची उसळ, ज्वारीच्या लाह्या व शेंगदाणे, लहानसे थालीपीठ आणि दही, ताक, एखादा पेरू, यांपैकी काहीही चालेल. उसळीवर लिंबू पिळल्यास त्यातील लोह शरीरात अधिक शोषले जाते. चहा मात्र या शोषणात अडथळा आणतो. पांडुरोग असलेल्या स्त्रियांनी व मुलींनी खाणे आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवावे. शेंगदाणे पौष्टिक खरे, पण ३० ग्रॅमांत सुमारे १७० उष्मांक असतात. डबा समोर घेऊन बसू नये. उपवासाच्या दिवशी साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ आहे. खिचडीत जी काही प्रथिने असतात ती दाण्याच्या कुटाची! त्यापेक्षा राजगिरा आणि दूध बरे.

काही बाबतींत सावधगिरी हवी. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे चणे वा शेंगदाणे देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. त्यांना कूट किंवा मऊ लाडू द्यावा. रक्तदाब असणाऱ्यांनी खारे दाणे टाळावेत. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी कडधान्ये, दाणे व फळे यांचे प्रमाण वैद्यकीय सल्ल्यानेच ठरवावे.

इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या मधुमेही व्यक्तींच्या बाबतीत मधले खाणे हा औषधोपचाराचाच भाग ठरू शकतो. डॉक्टरांनी ते घेण्यास सांगितले असल्यास ते चुकविण्याने अनर्थ ओढवू शकतो. अंगास दरदरून घाम, हातांस कंप, डोळ्यांपुढे अंधारी अशी लक्षणे दिसल्यास साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली असण्याची शक्यता असते. अशा वेळी वर सांगितलेले सारे बाजूस ठेवावे! चणे किंवा शेंगदाणे सावकाश पचतात, म्हणून ते येथे निरुपयोगी. रुग्ण शुद्धीवर असल्यास तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून त्वरित द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि साखर कमीच असल्यास तितकेच परत द्यावे. बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात काहीही न घालता त्यास तत्काळ रुग्णालयात आणावे. साखर सावरल्यानंतर पोळी-भाजी किंवा उसळ द्यावी. असा प्रसंग घडल्यास तो लवकरात लवकर डॉक्टरांच्या कानावर घालावा, कारण औषधाची मात्रा बदलावी लागण्याचा संभव असतो.