बिंदूची शिकवण

मध्य प्रदेशातील मंडला हा नर्मदेच्या परिसरातील अरण्यमय जिल्हा. त्या जिल्ह्यातील बाबरिया गावी १९२२ साली सय्यद हैदर रझा यांचा जन्म झाला. वडील वनखात्यात नोकरीस असल्याने मुलगा रानाच्या सोबतीतच वाढला. शाळेत मात्र त्याचे चित्त ठिकाणावर नसे. एके दिवशी गुरुजींनी भिंतीवर एक बिंदू काढला आणि बाकी सारे विसरून त्याकडेच पाहत बसण्यास त्याला सांगितले. हळूहळू त्याचे चंचल मन स्थिरावले.

पुढे नागपूर व मुंबई येथे कलाशिक्षण घेऊन रझा १९५० साली फ्रान्सला गेले. निसर्गदृश्ये रंगवून त्यांनी कीर्ती मिळविली. परंतु मनाचे समाधान होईना. तेव्हा बालपणीचा तो बिंदू त्यांच्या साहाय्यास आला. चित्रांतील घरे, झाडे मावळली. बिंदू, त्रिकोण, वर्तुळ यांतून पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश प्रकट होऊ लागले.

अशा चित्रास अमूर्त चित्र म्हणतात. मन मानेल तसे रंग फासून ते साधत नाही. पिंपळाचे पान हाती घ्यावे. मधल्या शिरेपासून उपशिरा कशा फुटतात, टोकाकडे पान कसे निमुळते होते, हे शांतपणे निरखावे. मग पान दूर ठेवून मनात उरलेल्या रेषा तेवढ्या कागदावर उतराव्यात. ज्याने पान नीट पाहिले नाही, त्याच्या मनात रेषा तरी कोठून उरणार?

गुरुजींनी त्या मुलास प्रथम पाहण्यास शिकविले. त्या शिकवणीतूनच पुढे थोर चित्रकार घडला.