पांगाऱ्याचा ओंडका आणि लाटेवरची फळी

पुण्याच्या कसबा पेठेतून समुद्र दिसत नाही. सर्वांत जवळचा किनारा गाठायचा तर घाट उतरून कोकणात जावे लागते. तरीही लाटेवर फळी टाकून तिच्यावर उभे राहण्याचा जो खेळ आहे, ज्याला सर्फिंग म्हणतात, त्याच्या पहिल्या धड्याची तयारी कसब्यात बसून चांगली करता येते. ती कशी, ते पाहू.

नदीकाठच्या पेठांतील मुले पूर्वी उन्हाळ्याच्या सुटीत मुठेत नाहीतर एखाद्या विहिरीत पोहायला शिकत. शिकवणारा घरातला काका-मामा असे, किंवा आळीतला पट्टीचा पोहणारा. तो नवशिक्याच्या पाठीला सुकवलेला भोपळा, तोंड पक्के बंद केलेला पत्र्याचा डबा किंवा पांगाऱ्याच्या लाकडाचा ओंडका बांधी आणि त्याला पाण्यात सोडी. आज मुठेचे पाणी पोहण्याजोगे राहिलेले नाही आणि वाड्यांतल्या विहिरीही बहुतेक बुजल्या. पण तुमच्या आजोबांना विचारून पाहा. पाठीला काय बांधले होते ते त्यांना नक्की आठवत असेल.

पांगाराच का? कारण त्याचे लाकूड फार हलके असते. त्याची घनता पाण्याच्या सुमारे एकतृतीयांश धरा. म्हणजे ६ लिटर आकारमानाच्या ओंडक्याचे वजन २ किलो भरेल. तो पूर्ण बुडवला तर ६ लिटर पाणी बाजूला सारील, आणि आर्किमिडीजच्या तत्त्वाप्रमाणे त्याला ६ किलो वजनाइतके प्लावक बल वर ढकलील. त्यातून स्वतःचे २ किलो वजा केल्यावर नवशिक्यासाठी ४ किलो शिल्लक उरतात. छातीत श्वास भरलेला माणूस बहुतांशी आपला आपण तरंगत असतो. त्याला पाण्याबाहेर ठेवायचे असते ते फक्त तोंड. डोक्याचे वजन साधारण ४ ते ५ किलो. आळीतल्या त्या उस्तादाने हे गणित कागदावर कधी मांडले नसेल, पण त्याचा ओंडका मात्र बरोबर मापाचा असे!

आता गंमत पाहा. सर्फिंगचे माहेर म्हणजे प्रशांत महासागरातील हवाई बेटे. कॅप्टन कुक याच्या तिसऱ्या सफरीतील अधिकारी जेम्स किंग याने १७७९ मध्ये तिथल्या लोकांना फळ्यांवरून लाटांवर स्वार होताना पाहिले आणि त्याचे वर्णन लिहून ठेवले. (हाच खेळ टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये २०२१ साली प्रथम खेळला गेला.) हवाईचे लोक आपल्या फळ्या ज्या झाडांपासून बनवीत, त्यांपैकी एकाचे नाव विलीविली. हे विलीविली वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एरिथ्रिना या प्रजातीतले, आणि आपला लाल फुलांचा, काटेरी पांगाराही त्याच एरिथ्रिना प्रजातीतला. हजारो किलोमीटर दूर असलेल्या दोन समाजांनी पाण्यावर माणूस तोलून धरण्यासाठी एकाच कुळातले लाकूड निवडले. एकाने दुसऱ्याला सांगितले असण्याची गरज नाही. पाण्याने दोघांनाही तेच शिकवले.

आजची नवशिक्याची फळी मात्र लाकडाची नसते. ती मऊ फेसाळ प्लॅस्टिकची, सुमारे अडीच मीटर लांब आणि जेमतेम ७ किलो वजनाची असते. तिचे आकारमान ८० लिटर धरू. तुमचे वजन ४५ किलो असेल तर दोघे मिळून ५२ किलो झाले. समुद्राचे पाणी खारट असल्यामुळे लिटरला १.०२५ किलो भरते. म्हणून ५१ लिटर पाणी बाजूला सारले की काम भागते. उरलेली २९ लिटर फळी पाण्याबाहेर राहते. याउलट तरबेज खेळाडूची फळी अवघी ३० लिटरची असू शकते. तो तिच्यावर स्वस्थ बसला तर कमरेपर्यंत बुडतो; फळी त्याला तोलते ती केवळ वेगात असताना. म्हणून शिक्षकाने मोठी, बोजड दिसणारी फळी हातात दिली तर नाराज होऊ नये.

तरंगण्याचा प्रश्न सुटला, पण उलटण्याचे काय? यासाठी कसब्यातल्या तांबट आळीत जाऊ. तिथली ठोक्यांच्या टिंबांनी नटलेली तांब्याची भांडी तुम्ही पाहिली असतील. घरी पाण्याच्या टबात एक परात आणि एक उंच, अरुंद रिकामा लोटा सोडून पाहा. परात शांतपणे तरंगते. लोटा मात्र आडवा होऊ पाहतो. लोट्यात तळाशी थोडी वाळू घातली की तो उभा राहतो, कारण त्याचा गुरुत्वमध्य खाली आला. आता परातीच्या मधोमध एक उंच बाटली उभी करून परातीला हलकेच धक्का द्या, आणि मग तीच बाटली आडवी ठेवून पुन्हा धक्का द्या. फळीवर पालथे पडलेला मुलगा आणि ताठ उभा राहिलेला मुलगा यांतला फरक तुमच्या डोळ्यांसमोर येईल. शिक्षक सारखे ‘गुडघे वाक, गुडघे वाक’ असे ओरडतात ते यासाठीच.

फळीवर उभे राहायचे ते आडवे, एक पाय पुढे आणि एक मागे ठेवून. याचेही कारण आहे. आपले पाऊल लांबीला २३-२४ सेंमी. आणि रुंदीला ८-९ सेंमी. असते. त्यामुळे टाच आणि चवडा यांच्यावर भार इकडचा तिकडे करून तोल सावरणे सोपे जाते. फळी लांबीच्या दिशेने सहसा उलटत नाही, ती रुंदीच्या दिशेने कलंडते. म्हणून पावलाची लांबी फळीच्या रुंदीवर आणायची. पाटावर किंवा घरच्या फरशीवर खडूने फळीची आकृती काढून, पालथे पडून एका झटक्यात उठण्याचा सराव करता येतो. किनाऱ्यावरही पहिला अर्धा तास वाळूतच जातो.

आता लाटेकडे वळू. इथे कसब्याच्या मुलाची एक समजूत आड येते. त्याने पाणी पाहिलेले असते ते नदीचे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा मुठेच्या काठच्या पेठांत जे आले ते खरोखरचे पाणी होते. ते धरणापासून वाहत आले. समुद्रातली लाट तशी नसते. खोल समुद्रात लाट पुढे जाते, पाणी जात नाही. पाण्यावरचे पान लाटेबरोबर वर येते, थोडे पुढे सरकते, खाली जाते, मागे येते आणि जवळजवळ होते तिथेच राहते. पुढे जातो तो आकार, आणि त्याच्याबरोबर ऊर्जा.

नदीत याच्या नेमके उलट पाहायला मिळते. पावसाळ्यात खडकवासल्याहून पाणी सोडले की पुलावरून (पुलावरूनच, काठाला उतरून नव्हे) खाली पाहा. पाण्याखालच्या एखाद्या उंचवट्याच्या पुढे एक लाट जागच्या जागी उभी दिसते. पाणी तिच्यातून धावत असते, लाट हलत नाही. प्रत्यक्षात ती लाट प्रवाहाविरुद्ध चढत असते, आणि प्रवाह तिला तेवढ्याच वेगाने खाली नेत असतो. खाली येणाऱ्या सरकत्या जिन्यावर वर चढणारा माणूस जिथल्या तिथे राहतो, तसेच हे. जर्मनीतील म्युनिक शहरात आइसबाख नावाच्या प्रवाहातील अशा उभ्या लाटेवर कित्येक वर्षे लोक फळी घेऊन खेळत आले. आपल्या मुठेत मात्र तो विचारही करू नये.

समुद्राची लाट वाऱ्यापासून जन्मते. दूरच्या वादळी समुद्रात तयार झालेल्या लाटांची मंद, लांबट फुगवण अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्याला येते. दोन लाटांमधला काळ १२ सेकंद असेल तर खोल पाण्यात तिचा वेग सेकंदाला सुमारे १८.७ मीटर, म्हणजे ताशी ६७ किमी. येतो, आणि दोन शिखरांमधले अंतर सुमारे २२५ मीटर. किनारा जवळ आला की तळ तिला अडवू लागतो. उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर ठरतो: खोलीला गुरुत्वत्वरणाने गुणून वर्गमूळ काढायचे. आवर्तकाल तोच राहतो, म्हणून वेग घटला की अंतरही घटते. विसर्जनाच्या मिरवणुकीत पुढचे पथक मंदावले की मागची माणसे दाटीवाटीने गोळा होतात, तशी लाटेतली ऊर्जा गोळा होते आणि लाट उंच होते. शिखराखाली पाणी जरा जास्त खोल, म्हणून शिखर पायथ्यापेक्षा वेगाने जाऊ पाहते. पुढे झुकते आणि कोसळते. बंदरांच्या बांधकामासाठी हे सर्व मोजून पाहावे लागते. त्यासाठी कृत्रिम लाटा उठवून बंदरांच्या प्रतिकृती तपासण्याचे काम समुद्रापासून इतक्या दूर, मुठेच्याच काठी, खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्थेत चालते. या संस्थेची स्थापना १९१६ मधली.

ढोबळ नियम असा, की पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारे १.३ पट उरली की लाट फुटते. ६० सेंमी. उंचीची लाट पाऊण मीटरहून थोड्या जास्त, साधारण ७७ सेंमी. खोलीवर फुटेल. ही तुमच्या कमरेएवढी खोली झाली, आणि नवशिक्याचा धडा होतो तो इथेच, नुकत्या फुटलेल्या पांढऱ्या फेसाळ लाटेत. ७७ सेंमी. खोलीवर लाटेचा वेग सेकंदाला २.७५ मीटर. फळीवर पालथे पडून हातांनी वल्हवणारा नवशिका फार तर १.२५ मीटरचा वेग गाठतो. दीड मीटरची तूट राहते, आणि लाट त्याच्याखालून निघून जाते.

एकट्याला दिलेल्या शिकवणीचे महत्त्व इथे कळते. शिक्षक कमरेइतक्या पाण्यात तुमच्या मागे उभा असतो. लाट येताच तो फळीला एक ढकल देतो. ५२ किलो वस्तुमानाचा वेग दीड मीटरने वाढवायचा तर संवेगातील बदल ७८ एकक होतो. एका सेकंदात हे करायला सुमारे ८० न्यूटन बल पुरे. ८ किलोची पिशवी उचलायला लागते तेवढेच! खरी किंमत बलाची नाही, ते कोणत्या क्षणी द्यायचे या जाणकारीची आहे. दहा जणांच्या गटात शिक्षक प्रत्येकाची लाट अशी निवडू शकत नाही.

गोव्याच्या उत्तरेला आश्वे-मांद्रे परिसरातील किनाऱ्यांवर असे धडे मिळतात. हंगाम पावसाळा संपल्यानंतरचा. जून ते सप्टेंबर आपला समुद्र नवशिक्याचा नाही. शिवाय माझ्या मते आधी तरणतलावात नीट पोहता आले पाहिजे, मगच फळी. पडताना डोके खाली करून सूर मारू नये. पाणी कमरेएवढेच असते आणि खाली वाळू दगडासारखी टणक लागते. पाठीवर किंवा कुशीवर पसरट पडावे आणि हातांनी डोके झाकून वर यावे.

आणि आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. लाट फुटेपर्यंत पाणी पुढे जात नव्हते हे खरे, पण फुटल्यावर ते खरोखरच किनाऱ्याकडे फेकले जाते. त्यानेच तर तुमची फळी ढकलली. एकामागून एक लाटा हे पाणी आणून टाकतात. मग ते जाते कुठे? ते किनाऱ्याला समांतर सरकत जाऊन वाळूतल्या एखाद्या सखल चरीत शिरते आणि तिथून जोराने समुद्राकडे परत जाते. या चरीत पाणी खोल असल्यामुळे लाटा फुटत नाहीत. म्हणून वरून पाहणाऱ्याला दोन्ही बाजूंना फेस आणि मध्ये गुळगुळीत, शांत पट्टा दिसतो. अनोळखी माणूस नेमका तिथेच पोहायला उतरतो!

फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूड-जंजिरा येथे सहलीला गेलेले पुण्याच्या एका महाविद्यालयाचे डझनाहून अधिक विद्यार्थी समुद्रात बुडून मरण पावले. सहली कोकणात आजही जातात. शिक्षकांनी किनाऱ्यावर पोहोचल्यावर मुलांना पाऊण तास वाळूत बसवून पाणी पाहायला लावावे, स्थानिक कोळी बांधवांना विचारावे आणि जीवरक्षकांचा लाल बावटा असेल तिथे पाऊलही टाकू देऊ नये.

हा परतीचा प्रवाह सेकंदाला अर्धा ते एक मीटर वेगाने वाहतो, कधी दोन मीटरनेही. १०० मीटर अंतर ४७ सेकंदांच्या आत कापणारा जगज्जेता पोहणारासुद्धा सेकंदाला दोन मीटरपेक्षा थोडासाच पुढे असतो. तुम्ही ०.८ मीटरने पोहत असाल आणि प्रवाह १ मीटरचा असेल, तर किनाऱ्याकडे तोंड करून कितीही हात मारले तरी सेकंदाला २० सेंमी. मागेच जाल, आणि दमाल. म्हणून किनाऱ्याकडे पोहायचेच नाही. फळी असेल तर ती सोडायची नाही, ती तुमचा पांगाऱ्याचा ओंडका आहे. तिच्यावर छाती टेकून एक हात उंच करून हलवायचा. फळी नसेल तर आधी पाठीवर तरंगून श्वास सावरायचा, आणि मग किनाऱ्याला समांतर पोहायचे. प्रवाहाचा पट्टा २० मीटर रुंद धरला तर ०.८ मीटरच्या वेगाने तो २५ सेकंदांत ओलांडता येतो. तेवढ्या वेळात तुम्ही २५ मीटर आत ओढले गेलेले असता. पण पट्ट्याच्या बाहेर पडल्यावर दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात, आणि फुटलेल्या लाटेचे पाणी किनाऱ्याकडे येते.